‘भाग ८७’ कोण शोधतं?

यूट्यूबवर घातलेल्या व्हिडिओंच्या टायटलबद्दल बरेच प्रश्न साठले होते. स्वयंपाक, शेती, शाळा, ट्रेकिंग, बातम्या, सगळीकडून. त्यांतले काही आज घेतो.

प्रश्न (सांगली): दोन वर्षांत सव्वाशे रेसिपी टाकल्या. ‘माझं स्वयंपाकघर – भाग ८७’ असं क्रमाने नाव देते. बघणारे कौतुक करतात, पण बघणारे म्हणजे निम्मे नातेवाईकच. नावाने एवढा फरक पडतो का?

पडतो, ताई. फडताळातल्या डब्यावर ‘डबा क्रमांक ८७’ अशी चिठ्ठी लावली, तर आत जिरं आहे की ओवा हे फक्त तुम्हालाच कळणार. पाहुणी आली की सगळे डबे उघडत बसेल. यूट्यूबवरची पाहुणी तेवढं थांबत नाही.

भाग ८७ मध्ये पुरणपोळी आहे असं धरू. ती कोण शोधतंय? सणाच्या सकाळी ओट्याशी उभी असलेली, एका हाताला पीठ लागलेली बाई. ती ‘चविष्ट पुरणपोळी’ असं टाइप करत नाही. तिचं पुरण सैल झालंय, किंवा पोळी लाटताना फुटतेय, आणि तिला हवाय तो त्यावरचा उपाय. ‘पुरण सैल झालं? पोळी न फुटता लाटायची कशी’ हे टायटल तिच्या तोंडचं आहे. ‘खमंग’, ‘आजीच्या हातची’, ‘एकदा खाल तर’ ही विशेषणं आपण आपल्याच पोळीला लावलेली असतात. ती काढली तरी पोळी बिघडत नाही.

लोकांच्या तोंडचे शब्द कुठे मिळतील? यूट्यूबच्या शोधपेटीत नुसतं ‘पुरणपोळी’ लिहा आणि थांबा. खाली ज्या सूचना उतरतात, त्या लोकांच्या शोधावरूनच आलेल्या असतात. मग तोच शब्द रोमन लिपीत लिहून बघा, यादी बदलेल. दुसरी जागा तुमच्या यूट्यूब स्टुडिओतच, म्हणजे चॅनेल सांभाळायच्या पानावरच आहे. अ‍ॅनालिटिक्समध्ये ट्रॅफिकच्या स्रोतांत ‘यूट्यूब सर्च’ उघडलंत, की लोक कोणते शब्द टाइप करून तुमच्यापर्यंत आले ते दिसतं. त्यात एखादा शब्द असा निघतो, जो तुम्ही टायटलमध्ये कधी वापरलाच नव्हता.

आणखी एक. ‘होळी स्पेशल’ लिहायचा मोह होतो. पण पुरणपोळी पाडव्याला होते, पोळ्याला होते, श्रावणातल्या शुक्रवारी होते. ‘होळी’ लिहिलंत की बैलपोळ्याला तो व्हिडिओ शिळा दिसतो. भागांचा क्रम प्लेलिस्टमध्ये ठेवा. चॅनेलचं नाव व्हिडिओखाली आपोआप येतंच, टायटलमध्ये ते पुन्हा नको.

प्रश्न (लातूर): आमचा शेतकरी गट सोयाबीनवर व्हिडिओ करतो. एक जण म्हणतो शास्त्रीय नावं द्या, म्हणजे वजन येतं. दुसरा म्हणतो बोली भाषा ठेवा.

दोघांनाही अर्धे मार्क. वाणाचं उदाहरण घ्या. राहुरी विद्यापीठाचा फुले संगम हा वाण, त्याचा क्रमांक केडीएस ७२६. कुणी ‘फुले संगम’ म्हणतं, कुणी नुसतं ‘७२६’. टायटलमध्ये दोन्ही हवेत, कारण दोन्ही शोधले जातात.

रोगाचं वेगळं असतं. ज्याला रोगाचं नाव माहीत आहे, त्याला तुमच्या व्हिडिओची फारशी गरज नसते. ज्याला माहीत नाही, तो जे दिसतं ते लिहितो: ‘सोयाबीन पिवळं पडतंय’. म्हणून लक्षण आधी, नाव नंतर. ‘सोयाबीन पिवळं पडतंय: लोहाची कमतरता की पिवळा मोझॅक?’ हे टायटल मला आवडेल, कारण शेतकऱ्याचा खरा घोळ तिथेच होतो. लोह कमी पडलं तर कोवळं पान पिवळं होतं, पण शिरा हिरव्या राहतात. मोझॅकमध्ये पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे येतात आणि तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो. एकावर फवारणी वेगळी, दुसऱ्यावर वेगळी. मात्र असा प्रश्न टायटलमध्ये विचारलात, तर पहिल्या मिनिटात दोन्ही पानं शेजारी-शेजारी धरून दाखवा. तीन मिनिटं गटाची ओळख आणि सत्कार चालला, तर माणूस बांधावरूनच परत जातो.

प्रश्न (बीड): दहावीला गणित शिकवतो. ‘गणिताची भीती घालवूया’ या मालिकेला प्रतिसाद नाही.

सर, परीक्षेच्या आदल्या रात्री मुलगा भीती घालवायला येत नाही, त्याचं एक उदाहरण अडलेलं असतं. तो पुस्तकात छापलंय तसंच लिहितो. ‘इयत्ता दहावी बीजगणित, दोन चलांतील रेषीय समीकरणे, सरावसंच १.१’ असं टायटल रुक्ष वाटेल, पण त्याला तेच हवं आहे. सेमी इंग्रजीच्या मुलांसाठी धड्याचं इंग्रजी नाव डिस्क्रिप्शनमध्ये द्या. मालिकेचं नाव थंबनेलच्या, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणाऱ्या छोट्या चित्राच्या कोपऱ्यात राहू द्या.

प्रश्न (पुणे): गडकोटांवर व्हिडिओ करतो. ‘धुक्यातला एक श्वास’ अशी नावं मला मनापासून आवडतात. सोडू का?

धुक्यात गडही दिसत नाही आणि व्हिडिओही. रागावू नका, मीही अशी नावं ठेवली आहेत आणि त्यांचे व्ह्यूज बघून गप्प बसलो आहे.

पण सरसकट सोडा असंही म्हणणार नाही. तुमच्या पुढच्या व्हिडिओची वाट बघणारे हजार-दोन हजार लोक असतील, तर ते कवितेवरही क्लिक करतील. ते तुमच्यासाठी येतात. अनोळखी माणूस गडासाठी येतो, त्याला गडाचं नाव पहिल्या तीन शब्दांत दिसलं पाहिजे. तेही ट्रेकर बोलतात तसं. कात्रज ते सिंहगड या वाटेला पोरं ‘के टू एस’ म्हणतात, ते टायटलमध्ये हवंच. हरिश्चंद्रगडाला अनेक वाटा आहेत. नळीच्या अवघड वाटेने गेला असाल तर ‘नळीची वाट’ लिहा, नाहीतर खिरेश्वरच्या वाटेने जाणाऱ्याच्या घरचा माणूस तुमचा व्हिडिओ बघून उगाच घाबरेल. ‘के टू एस रात्रीचा ट्रेक: पाणी किती न्यावं, किती तास लागतात’ यात कविता नाही, मान्य. ती व्हिडिओच्या पहिल्या दृश्यावर येऊ द्या, तिथे ती शोभते.

प्रश्न (नाशिक जिल्हा): तालुक्याचं छोटं बातम्यांचं चॅनेल आहे. सहकारी म्हणतो ‘धक्कादायक’, ‘मोठी बातमी’ याशिवाय क्लिक मिळत नाही. मला ते पटत नाही, पण आकडे त्याच्या बाजूने आहेत.

क्लिकचे आकडे असतील. पुढचा आकडाही बघा: किती जण तिसाव्या सेकंदाला निघून गेले. यूट्यूबने २०१२ मध्येच नुसत्या व्ह्यूजऐवजी व्हिडिओ किती वेळ पाहिला जातो याला महत्त्व द्यायला सुरुवात केली. क्लिक करून लगेच पळालेला प्रेक्षक उपयोगाचा नाही.

आता त्याहून गंभीर. डिसेंबर २०२४ मध्ये यूट्यूबने खास भारतासाठी जाहीर केलं, की टायटल किंवा थंबनेल जे सांगतं ते व्हिडिओत नसेल, तर असे व्हिडिओ काढले जातील, आणि त्यातही बातम्या व चालू घडामोडींवर नजर असेल. ‘अमुक नेत्याचा राजीनामा’ असं टायटल आणि आत राजीनाम्याचं नावही नाही, अशा प्रकारांसाठी हे आहे. तुमचं चॅनेल नेमकं त्याच गटात बसतं.

उत्सुकता जागवणं आणि फसवणं यांत फरक आहे. ‘कांद्याबाबत मोठा निर्णय!!!’ यात निर्णय कोणाचा, कशाचा, काहीच नाही. ‘लासलगावात कांद्याचा भाव उतरला, साठवलेल्या मालाचं काय करायचं?’ यातही माणूस थांबतो, आणि आत त्याला उत्तर मिळतं. सहकाऱ्याला एक महिना अशी टायटलं लिहू द्या. ‘धक्कादायक’ हा शब्द खरंच धक्का बसेल त्या दिवसासाठी राखून ठेवा. रोज वापरला तर तो ‘नमस्कार’सारखा होतो.

प्रश्न (ठाणे): शंभर अक्षरांची मर्यादा म्हणतात, पण माझी पन्नास-साठ अक्षरंच कशीबशी बसतात. काय चुकतंय?

तुमचं काही चुकत नाही, मोजणी वेगळी आहे. देवनागरीत संगणक काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण हे सगळं सुटं मोजतो. ‘स्वयंपाक’ आपल्याला चार अक्षरी शब्द, त्याच्या हिशेबात आठ. जोडाक्षरं जास्त असली की शंभराची मर्यादा लवकर भरते. पण शंभरपर्यंत जायचंच कशाला? मोबाइलवर दोन ओळींनंतर टायटल कापलं जातं. महत्त्वाचं ते पहिल्या पाच-सहा शब्दांत.

प्रश्न (न्यू जर्सी): मुलांसाठी मराठी गोष्टी सांगते. टायटल देवनागरी, रोमन की इंग्रजी?

देवनागरी ठेवा. रोमन लिपीतला एखादा मुख्य शब्द शेवटी चालेल. तिकडच्या पालकांचा फोन बहुधा इंग्रजीत असतो, त्यांच्यासाठी स्टुडिओत टायटलचा अनुवाद जोडायची सोय आहे, तिथे इंग्रजी टायटल द्या. ज्याच्या खात्याची भाषा इंग्रजी, त्याला ते दिसतं. एकाच ओळीत तिन्ही कोंबू नका, एसटीच्या पाटीवर सगळे थांबे लिहिल्यासारखं होतं.

प्रश्न (कोल्हापूर): हॅशटॅग, इमोजी, उद्गारचिन्हं?

एखादा हॅशटॅग डिस्क्रिप्शनमध्ये. बाकी नको.

प्रश्न (सोलापूर): जुन्या व्हिडिओंची टायटलं आता बदलली तर चालतात का? की व्ह्यूज जातात?

झालेले व्ह्यूज कुठेही जात नाहीत. फक्त सगळी एका रात्रीत बदलू नका. स्टुडिओत ‘रीच’मध्ये इम्प्रेशन, म्हणजे थंबनेल किती वेळा लोकांसमोर आलं, आणि त्यांवरच्या क्लिकची टक्केवारी दिसते. यूट्यूबच्याच सांगण्यानुसार निम्म्या चॅनेलांची ही टक्केवारी २ ते १० च्या दरम्यान असते, तेव्हा चार टक्के बघून हातपाय गाळू नका. शिवाय व्हिडिओ अनोळखी लोकांपर्यंत जायला लागला की टक्केवारी उतरते. ते वाढीचंही लक्षण असू शकतं.

जे चाललेत त्यांना हात लावू नका. ज्यांचा आशय चांगला आहे, ज्यांनी उघडला त्यांनी बराच वेळ पाहिला, पण उघडणारेच थोडे, असे पाच-सहा निवडा. आधी फक्त टायटल बदला, थंबनेल तेच ठेवा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. दोन-तीन आठवडे थांबा. आणि जुनं टायटल, नवं टायटल, तारीख हे वहीत लिहून ठेवा. महिन्याभराने जुनंच बरं होतं असं वाटलं, तर ते नेमकं काय होतं हे आठवत नाही, हा माझा अनुभव आहे.