२०० किमीच्या बीआरएमसाठी (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) दम वाढवायचा आहे, हार्ट रेटचा झोन २, म्हणजे बराच वेळ टिकणाऱ्या हलक्या जोराचा टप्पा, कसा ठरवू?

कमाल हार्ट रेटचं २२० वजा वय हे सूत्र बाजूला ठेवा. त्यात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो आणि सगळेच झोन सरकतात. त्यापेक्षा चाचणी करा. वीस मिनिटं वॉर्मअप, मग सिग्नल नसलेल्या सपाट रस्त्यावर किंवा ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) एकट्यानं ३० मिनिटं, शेवटपर्यंत टिकेल अशा पूर्ण जोरात. त्यातल्या शेवटच्या २० मिनिटांचे सरासरी ठोके म्हणजे तुमचा थ्रेशोल्ड. त्याच्या ८१ ते ८९ टक्के हा झोन २. थ्रेशोल्ड १६५ आला, तर १३४ ते १४७.

या झोनमध्ये आठवड्यात दोन राइड तास-दीड तासाच्या आणि रविवारची अडीच तासांची. ती दर आठवड्याला १५-२० मिनिटांनी वाढवा.

गडबड होते ती चढावर. पायांचा जोर वाढला तरी ठोके अर्ध्या-एक मिनिटानं वाढतात. घड्याळात १४७ दिसेपर्यंत तुम्ही झोनबाहेर गेलेले असता. म्हणून चढ लागतानाच गिअर हलका करा. वेग फारच कमी वाटेल, वाटू दे. ग्रुपमागे मात्र धावू नका, सगळी मेहनत तिथेच वाया जाते.

मनगटावरचा सेन्सर खडबडीत रस्त्यावर चुकीचे आकडे देतो. छातीचा पट्टा घ्या, त्याचे इलेक्ट्रोड ओले करून बांधा.

सपाट रस्त्यावर वेग तोच ठेवूनही उत्तरार्धात सरासरी ठोके पाच टक्क्यांहून जास्त वाढले, तर आधी ऊन आणि पाणी तपासा. पहाटे निघून, पुरेसं पाणी पिऊनही तसंच झालं, तर अंतर अजून वाढवू नका.