अर्धवट शेवटाचा राग : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

'द फॅमिली मॅन' या हेरमालिकेचा तिसरा सीझन 21 नोव्हेंबर 2025 रोजी प्रदर्शित झाला आणि त्यानंतर या सदराकडे आलेल्या पत्रांचा सूरच बदलून गेला. एरवी आंब्याच्या मोहोरापासून सातबाऱ्यापर्यंत सर्व काही विचारणारे आमचे वाचक अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत एकाच माणसाविषयी लिहू लागले, आणि तो माणूस म्हणजे या मालिकेचा नायक, हेर श्रीकांत तिवारी. त्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. अनेकांनी अद्याप मालिका पाहिलेली नाही, त्यामुळे शेवटच्या भागात काय घडते ते येथे सांगितलेले नाही.

प्रश्न (गुहागर) : रात्रभर जागून सातही भाग पाहिले. शेवट आला तेव्हा पुढचा भाग लागेल म्हणून मी पडद्याकडे पाहत बसलो, तर नावेच सुरू झाली. चार वर्षांहून अधिक काळ ताटकळत ठेवून अर्धी गोष्ट दाखवणे ही प्रेक्षकांची फसवणूक नव्हे काय?

उत्तर : आपला राग रास्त आहे, पण त्याचे कारण आपण म्हणता त्याहून थोडे वेगळे असावे, असे आम्हाला वाटते. गोष्ट अर्ध्यावर सोडण्याची या मालिकेची ही पहिली खेप नाही. 20 सप्टेंबर 2019 रोजी आलेला पहिला सीझन दहा भागांचा होता आणि त्याच्या अखेरीस दिल्लीतील रासायनिक कारखान्यातून विषारी वायू सुटण्याचे संकट तसेच लोंबकळत ठेवले होते. त्या वेळीही प्रेक्षक चिडले होते, पण ती चीड उत्सुकतेच्या अंगाने जाणारी होती. 4 जून 2021 रोजी दुसरा सीझन आला तेव्हा त्या वायूचा निकाल लेखकांनी मोजक्या प्रसंगांत लावून टाकला आणि राजी या श्रीलंकन तमिळ बंडखोर स्त्रीची संपूर्ण नवी गोष्ट सुरू करून नऊ भागांत ती तडीस नेली. आपल्या मनात जी अपेक्षा घर करून बसली आहे ती या दुसऱ्या सीझनने निर्माण केलेली आहे. ज्या सीझनमध्ये शत्रू समोर येतो, त्याच सीझनमध्ये त्याचा सोक्षमोक्ष लागतो, असा एक अलिखित करार त्या वेळी झाला आणि तो तिसऱ्या खेपेला मोडला.

त्यात दोन गोष्टींची भर पडली. पहिल्या आणि दुसऱ्या सीझनमधले अंतर सुमारे वीस महिन्यांचे होते, तर दुसऱ्या आणि तिसऱ्यामधले साडेचार वर्षांच्या घरात गेले. या काळात राज आणि डीके ही दिग्दर्शकांची जोडी काही स्वस्थ बसलेली नव्हती. 'फर्जी' आणि 'गन्स अँड गुलाब्स' 2023 मध्ये आल्या, 'सिटाडेल : हनी बनी' 2024 मध्ये आली. प्रेक्षकाला मात्र त्या तिन्ही मालिका म्हणजे आपल्या मालिकेच्या वाटेतले अडथळेच वाटत राहिले. दुसरी गोष्ट भागांच्या संख्येची. दहा, मग नऊ आणि आता सात. वाट पाहण्याचा काळ वाढत गेला आणि पदरात पडणारे माप घटत गेले, तर गिऱ्हाईक कुरकुरणारच.

आमचे स्वतःचे मत विचाराल तर दोष शेवटाहून अधिक सुरुवातीच्या मांडणीत आहे. नागालँडची पार्श्वभूमी, शांततेच्या वाटाघाटी, आपल्याच खात्याकडून पाठलाग होणारा नायक, विस्कटलेला संसार, जयदीप अहलावत यांचा खलनायक रुक्मा आणि निम्रत कौर यांची मीरा, एवढे सगळे सात भागांत उघडायचे आणि मिटवायचे ठरवले तर काही तरी उघडेच राहणार. रुक्माला त्याचे स्वतःचे दुःख दिले, ते उत्तम झाले आणि अहलावत यांनी ते नजरेतून पेलले आहे. त्याची किंमत मात्र श्रीकांतच्या बायकोने, प्रियामणी यांच्या सुचित्राने मोजली. पहिल्या दोन सीझनमध्ये नवरा-बायकोतील ताण हा कथेचा अर्धा प्राण होता. येथे सुचित्रा पळापळीत सोबत आहे, पण तिच्या वाट्याला भांडणही धड येत नाही.

या मालिकेची ताकद कशात होती, हे दुसऱ्या सीझनच्या प्रारंभी पाहावे. हेरगिरी सोडून श्रीकांत एका आयटी कंपनीत नोकरीला लागला आहे, वयाने लहान असलेला साहेब त्याला 'मिनिमम' माणूस म्हणून हिणवतो, वेळेवरून आणि कामावरून उपदेश करतो, आणि मनोज बाजपेयी ते सारे ओठांवर कसेबसे हसू धरून ऐकत राहतात. तो साहेब एके दिवशी मार खातो, तेव्हा ठाणे-पनवेलच्या लोकलमधून रोज कामाला जाणाऱ्या आमच्या कित्येक चाकरमानी वाचकांना दहशतवादी पकडल्याहून अधिक आनंद झाला होता. अशा प्रसंगांची जागा तिसऱ्या सीझनमध्ये आक्रसली आहे. शेवट पूर्ण असता तरी ही उणीव जाणवलीच असती. श्रीकांत आणि त्याचा सहकारी मित्र जेके यांची जुगलबंदी मात्र जेथे येते तेथे पूर्वीइतकीच खुसखुशीत आहे, हेही नमूद करायला हवे.

प्रश्न (देवगड) : दुसरा सीझन आला तेव्हा तौक्ते वादळाने आमच्या वाडीतले विजेचे खांब आडवे झाले होते. चेल्लम सरांचे मीम आधी पाहिले आणि मालिका नंतर. या वेळी लाईट होती, तर मुंबईच्या भावाने सकाळीच व्हॉट्सॲपवर शेवट सांगून टाकला. असे शेवट फोडणाऱ्यांचे काय करावे?

उत्तर : मे 2021 च्या मध्यास तौक्ते किनाऱ्याला घासून गेले आणि जूनच्या पहिल्याच आठवड्यात दुसरा सीझन आला, त्यामुळे सिंधुदुर्ग-रत्नागिरीतील पुष्कळ चाहत्यांची अवस्था आपल्यासारखीच झाली असणार. चेल्लम सरांच्या बाबतीत नुकसान फारसे झाले नाही, असे आम्ही धीर करून म्हणू. उदय महेश यांनी साकारलेला तो निवृत्त अधिकारी सतत मागे वळून पाहतो, आपल्यावर कोणाची नजर आहे या धास्तीत असतो आणि तरीही विचारलेल्या प्रत्येक गोष्टीची माहिती चुटकीसरशी देतो. त्याची गंमत त्याच्या वागण्यात आहे, त्यामुळे मीम पाहून झाल्यावरही तो ताजाच वाटतो.

आपल्या भागात दशावतार पाहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. कार्तिकातल्या जत्रांपासून रात्रीचे नाटक सुरू होते, आख्यान पुराणातले असते, कोण मरणार आणि कोणाचा विजय होणार हे पुढच्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक असते, तरीही माणसे पहाटेपर्यंत हलत नाहीत. कारण संहिता लिहिलेली नसते आणि आज हा राजा त्या राक्षसाला कोणत्या शब्दांत उत्तर देणार, हे कोणालाच ठाऊक नसते. हेरकथेला हा न्याय अर्धाच लागू पडतो. तिथे फितूर कोण आणि बॉम्ब कुठे, यावर प्रसंगांची बांधणी उभी असते, आणि ते आधी कळले तर पुढचा तासभर नुसता तपशील उरतो. म्हणून आपल्या भावाने केले ते चूकच. त्याला पुढील सीझन येईपर्यंत कुटुंबाच्या ग्रुपवर 'म्यूट' ठेवावे. एक गंमत मात्र लक्षात घ्या. या वेळी बहुतेकांनी जे फोडले ते 'शेवट अर्धवट आहे' एवढेच होते, आणि ते आधी कळलेल्या प्रेक्षकाचा विरस न कळलेल्याहून कमीच झाला असावा.

प्रश्न (अलिबाग) : विजय सेतुपती पडद्यावर येताच माझ्या मुलाने शिट्टी वाजवली. मला त्यात विशेष काय ते कळले नाही.

उत्तर : सेतुपती यांनी याच दिग्दर्शकांच्या 'फर्जी'मध्ये बनावट नोटांचा छडा लावणाऱ्या मायकल या अधिकाऱ्याची भूमिका केली होती. दोन्ही मालिका एकाच कल्पित जगात घडतात, त्यामुळे मायकल श्रीकांतसमोर येणे ही चाहत्यांसाठी मेजवानीच होती. 'फर्जी' पाहिली नसेल तरी कथेत काही अडत नाही.

प्रश्न (श्रीवर्धन) : आम्ही मासेमारी करतो. मालिकेत दाखवतात तशी खरी हेरगिरी असते काय? आमच्या किनाऱ्यावर तर नुसती कागदपत्रेच तपासतात. आणि पडद्यावर किनारा आला की रात्रीच्या अंधारात खोकी उतरवणारी माणसेच का दिसतात?

उत्तर : आधी खात्याचे. श्रीकांत ज्या 'टास्क' या शाखेत काम करतो ती लेखकांच्या कल्पनेतली आहे. ज्या राष्ट्रीय तपास संस्थेशी, म्हणजे एनआयएशी, ती जोडलेली दाखवतात, ती मात्र खरी आहे आणि मुंबईवरील 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर डिसेंबर 2008 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने अस्तित्वात आली. आपल्या कागदपत्रांचे मूळही त्याच हल्ल्यात आहे. हल्लेखोरांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी नौका ताब्यात घेऊन मुंबई गाठली, आणि त्यानंतर मच्छीमारांची ओळखपत्रे, सागरी पोलीस ठाणी आणि 'सागर कवच' हा सराव या गोष्टी किनाऱ्याच्या नित्यक्रमात आल्या. त्या सरावात पोलिसांचीच एक तुकडी शत्रू बनून किनाऱ्यावर उतरण्याचा प्रयत्न करते आणि दुसरी तिला पकडते. पडद्यावर हे दाखवले तर कोणी दोन मिनिटेही पाहणार नाही, पण सुरक्षेचे बहुतांश काम असेच कंटाळवाणे असते.

अंधारातल्या खोक्यांचे म्हणाल तर 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके आपल्याच तालुक्यातील शेखाडीला उतरली होती आणि त्या प्रकरणात सीमाशुल्क खात्याचे व पोलीस दलाचे लोकही दोषी ठरले, ही गोष्ट इतिहासाचा भाग आहे. लेखकांनी ती वापरावी, याला हरकत नाही. हरकत आहे ती तेवढेच वापरण्याला.

18 ऑगस्ट 2022 रोजी, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, हरिहरेश्वरला वाहत आलेल्या बोटीत तीन एके-47 रायफली सापडल्या, तेव्हा काय झाले ते आपल्याला आमच्याहून अधिक ठाऊक असेल. जिल्हाभर नाकाबंदी झाली, सणाच्या तोंडावर सगळे हादरले, आणि त्याच दिवशी तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितले की बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची असून ती मस्कतहून युरोपकडे निघाली होती, जूनमध्ये वाटेत तिचे इंजिन बंद पडले, खलाशांना एका कोरियन युद्धनौकेने वाचवले आणि रिकामी बोट भरकटत येथवर आली. हेरमालिकेच्या लेखकाने एवढ्या थरारक प्रारंभाला इंजिन बिघाडाचा शेवट दिला असता, तर चाहत्यांनी त्याला तिसऱ्या सीझनपेक्षा अधिक झोडपले असते. आम्हाला मात्र त्या दिवशीची आपल्या गावातली धावपळ एखाद्या मालिकेत पाहायला आवडेल.

प्रश्न (चिपळूण) : जेके तळपदे हे पात्र मराठी, श्रीकांतचे वरिष्ठ कुलकर्णी साहेबही मराठी, पण मराठी कानावर फारसे पडत नाही आणि कलाकारही मराठी नाहीत. आपण उगाच टाळ्या वाजवतो आहोत काय?

उत्तर : शारिब हाश्मी यांच्या तळपदेला वाजवलेल्या टाळ्या उगाच नव्हेत. हिंदी पडद्यावर मराठी माणूस बहुधा हवालदार, गडी किंवा गुंड असतो. तळपदे मात्र नायकाचा बरोबरीचा मित्र आहे, त्याच्या संसाराची त्याच्या तोंडावर थट्टा करणारा आणि वेळ आली की त्याच्यासाठी नोकरी पणाला लावणारा. तरीही आपली तक्रार आम्ही मान्य करतो, आणि तिला आधार याच मालिकेचा आहे. दुसऱ्या सीझनचा झलकपट आला तेव्हा श्रीलंकेतील तमिळ लढ्याचे चित्रण अपमानास्पद असल्याचे म्हणत तमिळनाडूच्या मंत्र्यांनी केंद्राकडे बंदीची मागणी केली होती. मालिका आल्यावर राजी साकारणाऱ्या समंथा यांच्या चेहऱ्याला सावळा रंग फासण्यावरही टीका झाली. पण तमिळ पात्रे तमिळ कलाकारांनी केली आणि ती आपसात तमिळच बोलली, याचे कौतुकही तेथूनच झाले. जो नियम चेन्नईला लावला तो मुंबईला लावायला काय हरकत होती? गंमत अशी की शरद केळकर यांच्यासारखा मराठी चित्रपटांना परिचित कलाकार मालिकेत आहे, पण त्याच्या वाट्याला आलेला सुचित्राचा सहकारी अरविंद मराठी असल्याची कोणतीही खूण नाही, आणि कुलकर्णींची भूमिका दलीप ताहिल यांनी केली आहे.

प्रश्न (सावंतवाडी) : माझी तेरा वर्षांची मुलगी म्हणते की वर्गातल्या सगळ्यांनी मालिका पाहिली. शिव्या आणि रक्तपात पाहता मी नको म्हटले, तर ती रुसली आहे. काय करावे?

उत्तर : आपण नको म्हटले ते योग्यच केले. 'सगळ्यांनी' हा आकडा त्या वयात बराच लवचिक असतो, हेही लक्षात ठेवावे. 2021 च्या नियमांनुसार ओटीटी मंचांना प्रत्येक मालिकेवर वयोगट दाखवावा लागतो आणि तेरा वर्षांवरील गटापासून पुढच्या आशयाला पालकांना कुलूप लावता येईल अशी सोयही द्यावी लागते. खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पिन घाला आणि तो आपल्या जन्मवर्षाचा ठेवू नका, कारण मुले पहिल्यांदा तोच घालून पाहतात. मैत्रिणींच्या गप्पांत ती एकटी पडते, ही तिची खरी अडचण असेल, तर श्रीकांत, जेके आणि चेल्लम सर कोण ते आपणच तिला जेवताना सांगा. मुले शाळेत बोलतात ती बहुतेक मीमविषयीच.