सी ड्राइव्हची बेरीज जुळत नाही

प्रश्न : महालात माझे डीटीपी आणि प्रिंटिंगचे छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, विद्यार्थ्यांचे प्रबंध अशी कामे असतात. संगणकात २५६ जीबीचा एसएसडी आहे. तो २३८ जीबीच दाखवतो आणि त्यातलेही जेमतेम ४ जीबी शिल्लक आहेत. सी ड्राइव्हमधले सगळे फोल्डर निवडून प्रॉपर्टीज पाहिल्या, तर बेरीज १४० जीबीच भरते. बाकीची जागा गेली कुठे? टेम्प फोल्डर रिकामे केले की थोडी जागा मिळते, पण आठवड्याभरात पट्टी पुन्हा लाल होते. एका तंत्रज्ञाने हा उन्हाचा परिणाम असल्याचे सांगितले, दुसऱ्याने फॉरमॅट मारायला सांगितले. काय करावे?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : फॉरमॅट करू नये, निदान आताच नाही. जागा कशाने भरते हे न शोधता सगळे पुसून टाकले, तर नवीन विंडोजमध्येही तोच प्रकार सुरू होण्याची शक्यता राहते. उन्हाचे म्हणाल, तर नवतपात तापलेला प्रोसेसर स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करतो हे खरे आहे. पण उन्हाने डिस्क भरल्याचे आम्ही अजून ऐकलेले नाही.

२५६ चे २३८ कसे झाले, ते आधी सांगतो. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, तर विंडोज १०२४ ला १०२४ ने दोनदा गुणून येणारा, म्हणजे सुमारे १०७.३७ कोटींचा आकडा धरते. माप वेगळे आहे, इतकेच. येथे काहीही हरवलेले नाही.

खरा प्रश्न आहे तो वापरलेले २३४ आणि मोजलेले १४० यांमधल्या ९४ जीबींचा. आपण निवडलेल्या फोल्डरांची बेरीज करताना विंडोज फक्त तेच मोजते, जे आपल्याला दिसते आणि जे उघडण्याची आपल्याला परवानगी आहे. सी ड्राइव्हच्या मुळाशी असलेल्या संरक्षित फाइली लपवलेल्या असल्यामुळे त्या निवडल्याच जात नाहीत. हायबरनेशनची, म्हणजे चालू काम डिस्कवर जपून संगणक बंद करण्याच्या सोयीची, फाइल त्यांपैकीच एक; विंडोज १० मध्ये ती साधारणपणे रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे १६ जीबी रॅम असेल तर सुमारे साडेसहा जीबी. तिच्या शेजारी रॅम अपुरी पडल्यास वापरायच्या आभासी स्मृतीची पेजफाइल असते आणि विंडोज पूर्वस्थितीत नेण्यासाठी ठेवलेल्या सिस्टिम रिस्टोअरच्या जुन्या प्रती बंद फोल्डरात असतात. या सर्वांनी मिळून वीस-तीस जीबी घेतले तरी आश्चर्य नाही. मात्र त्यांची वाढ मर्यादेत राहते. आठवड्याभरात डिस्क भरून टाकणारे कारण दुसरेच असले पाहिजे.

ते शोधण्यासाठी विनडिरस्टॅट हा मोफत प्रोग्राम वापरावा, आणि तो ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ असाच उघडावा. नाहीतर बंद फोल्डर त्यालाही दिसणार नाहीत. विझट्री हा असाच दुसरा प्रोग्राम अधिक वेगवान आहे, कारण तो एनटीएफएसची मास्टर फाइल टेबल, म्हणजे डिस्कवरील सर्व फाइलींची विंडोजने ठेवलेली यादी, थेट वाचतो, पण दुकानासारख्या व्यावसायिक वापरासाठी त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो. विनडिरस्टॅटमध्ये सगळी डिस्क रंगीत चौकोनांत मांडलेली दिसते. शेताच्या नकाशात धुऱ्यांनी वाटलेले तुकडे पाहावेत, तसा प्रत्येक चौकोन एका फाइलचा असतो आणि जितकी फाइल मोठी तितका तो मोठा. या मांडणीचा जन्मही आपल्यासारख्याच अडचणीतून झाला : १९९० मध्ये अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत १४ जण मिळून ८० एमबीची एकच डिस्क वापरत होते, ती भरली, आणि जागा कोणी व्यापली हे पाहण्यासाठी तेथील संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनी ही पद्धत काढली.

आपला व्यवसाय पाहता आमचा पहिला संशय प्रिंटरच्या स्पूल फोल्डरवर आहे. छपाईला पाठवलेले प्रत्येक काम आधी विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या मार्गावरील फोल्डरात उतरते आणि छपाई झाली की पुसले जाते. परंतु प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमधील ॲडव्हान्स्ड टॅबवर ‘कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स’ या पर्यायापुढे खूण असेल, तर छापलेले कामही तसेच राहते. गिऱ्हाईक ‘अजून ५० प्रती द्या’ म्हणून परत येते, तेव्हा फाइल पुन्हा न उघडता छापता यावी म्हणून कोणीतरी कधीतरी ही खूण केली असणे अगदी शक्य आहे. वीस एमबीची पीडीएफ प्रिंटरच्या भाषेत उतरताना शेकडो एमबीची होऊ शकते, त्यामुळे चित्रांची पत्रिका आणि दोनशे पानी प्रबंध रोज छापणाऱ्या दुकानात हा साठा किती झपाट्याने वाढेल, याचा अंदाज आपणच करावा. शिवाय हे फोल्डर विशेष परवानगीशिवाय उघडत नाही, म्हणून ते आपल्या बेरजेत आले नसावे.

पडताळा सोपा आहे. प्रिंटरची क्यू, म्हणजे छपाईच्या कामांची रांग, उघडून पाहावी. तेथे कधीच छापून झालेली कामे रांगेत दिसली, तर संशय खरा ठरला. मग ती खूण काढावी, रात्री दुकान बंद करताना विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन छपाईची कामे सांभाळणारा ‘प्रिंट स्पूलर’ थांबवावा, प्रिंटर्स फोल्डर न पुसता फक्त त्यातील एसपीएल व एसएचडी या प्रकारच्या फाइली पुसाव्यात आणि स्पूलर पुन्हा सुरू करावा. छपाई बाकी असलेली कामेही यात पुसली जातात, हे ध्यानात ठेवावे. क्यू रिकामी निघाली, तर विनडिरस्टॅटमधला सर्वांत मोठा अनोळखी चौकोन कोणत्या फोल्डरात आहे ते आम्हांला कळवावे. तोपर्यंत काहीही पुसू नये.

प्रश्न : विनएसएक्सएस नावाचे फोल्डर १२ जीबींचे दिसते. ते पुसले तर चालेल का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : नाही, त्यात विंडोजच्या स्वतःच्या घटकांच्या फाइली असल्यामुळे ते हाताने पुसल्यास विंडोज सुरूच न होण्याची भीती आहे. त्यातील अनेक फाइली दुसऱ्या फोल्डरांतही त्याच असतात, म्हणजे एकच फाइल दोन नावांनी दिसते आणि दोनदा मोजली जाते. त्यामुळे दिसणाऱ्या १२ जीबींपेक्षा खरी व्यापलेली जागा कमी असते. अपडेटचे जुने अवशेष काढायचे असल्यास डिस्क क्लीनअप उघडून ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ निवडावे आणि ‘विंडोज अपडेट क्लीनअप’वर खूण करावी. त्याच यादीत आधीच्या विंडोजची प्रत दिसली, तर मोठ्या अपडेटनंतर साधारण १० दिवसांत ती आपोआप निघून जाते. जुन्या विंडोजकडे परत जायचे नसेल, तरच ती आधी काढावी.