टिक मारायच्या आधी खाली उतर

पोरा,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी ताटावर होतो, त्यात तुझ्या मागं कंटेनरचा हॉर्न वाजत होता, त्यामुळं अर्धं ऐकलं अर्धं नाही. नंतर झोप लागेना म्हणून हे लिहायला बसलो. मोबाईलवर टाईप करायची सवय नाही मला, चुका सांभाळून घे.

मला कळलं ते असं. सकाळी फोर्कलिफ्ट ताब्यात घेताना चेकशीट भरायची असते, वीसेक रकाने, आणि सुपरवायझर म्हणतो बघत काय बसलास, मार सगळ्याला टिक, डॉकवर चार गाड्या खोळंबल्यात. तू कॉन्ट्रॅक्टरचा माणूस, चाकणला तुझ्यासारखे गेटवर पन्नास उभे, नाही म्हणालास तर उद्यापासून येऊ नको. आणि गावाकडं चुलतभावानं जेसीबी घेतलाय, तो म्हणतो ये इकडं, इथं कसलं चेकशीट न् फेकशीट. आणि शेवटी तू म्हणालास, "काका, सगळेच मारतात टिक."

हे शेवटचं वाक्य मला परत ऐकवू नकोस. तेच वाक्य मी पण बोललोय, त्याचं पुढं काय झालं ते सांगतो.

१९९८ ची गोष्ट. भोसरीत एका कंपनीत होतो, सव्वीस वर्षांचा, तीन टनी डिझेल गाडी, आणि हात एवढा साफ की पॅलेटमध्ये फोर्क (पुढचे दोन लोखंडी दांडे) घालताना लाकडाला आवाज येत नसे. महिनाअखेर होती, थर्ड शिफ्ट, कास्टिंगचे बिन भरून ट्रकवर चढवत होतो. रिव्हर्स घेतला, स्टिअरिंग फिरवलं. आता फोर्कलिफ्टचं स्टिअरिंग मागच्या चाकाला असतं हे तुला सांगायला नको, पुढचं टोक डावीकडं वळलं की मागचा, तोल राखणारा बोजा उजवीकडं झाडू मारल्यासारखा फिरतो. तिथं रॅक आणि गाडीच्या मध्ये एक हेल्पर उभा होता. मागचं चाक त्याच्या पावलावरनं गेलं. रिकामी गाडीच चार-सव्वाचार टनाची असते रे. तीन बोटं गेली त्याची.

चौकशीत लिहिलं गेलं की हेल्परनं सेफ्टी शूज घातले नव्हते, चपलेवर होता. खरंच होता चपलेवर. मी सही केली. मला कुणी विचारलं नाही की रिव्हर्स हॉर्न चालू होता का. तो चार दिवस बंद होता. आणि त्या रात्रीच्या चेकशीटवर रिव्हर्स हॉर्नच्या पुढं माझी टिक होती, माझ्या अक्षरात, सीटवर बसून मारलेली.

मी मान वळवून मागं बघितलं होतं हे खरं. पण मान वळवली म्हणजे बघितलं असं नसतं. उतरून बघायला पाहिजे होतं. शिफ्टच्या आधी उतरून बघितलं असतं तर हॉर्नचं कळलं असतं, रिव्हर्सच्या आधी उतरून बघितलं असतं तर माणूस दिसला असता. दोन वेळा संधी होती, दोन्ही वेळा मी सीटवरच.

दहा-बारा वर्षांनी तो हेल्पर मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन घरी आला होता. चहा घेतला, हसत बोलला. मी लग्नाला गेलो नाही.

तर तुझा प्रश्न टिकचा नाहीये, उतरण्याचा आहे. खाली उतरून बघ. टिक मार, फुली मार, नंतरचं नंतर, पण आधी उतर.

आता उतरून बघायचं काय, तर आयटीआयमध्ये तुला शिकवलंय, पण तिथं सगळं एका वजनानं शिकवतात. मी गाडीच्या आधी फरशी बघायचो. रात्रभर गाडी उभी होती तिथं डाग आहे का, आणि काळा आहे का स्वच्छ तेलाचा. काळा असेल तर इंजिनचं, स्वच्छ असेल तर बहुतेक हायड्रॉलिक, म्हणजे माल उचलायला दाबानं फिरणारं तेल, मग होज आणि सिलिंडरचे सील. गळती कुठनं आहे ते हातानं चाचपायचं नाही, कधीच नाही. त्या लाईनमध्ये लिफ्ट करताना दीडशे बारच्या वर प्रेशर जातं, कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन असतं त्यावरनं हिशेब कर. सुईएवढ्या भोकातनं आलेली धार कातडीच्या आत घुसते आणि वरनं नुसता ठिपका दिसतो, माणूस म्हणतो काय झालं नाय, आणि दुसऱ्या दिवशी हात काळानिळा. पुठ्ठ्याचा तुकडा धर, त्याच्यावर तेल उमटतं.

मग फोर्कची टाच, म्हणजे जिथं फोर्क वाकून उभा होतो ती जागा. फोर्क जमिनीवर घासत चालवणारे ऑपरेटर असतात ना, त्यांच्यामुळं तिथं झीज होते. मूळ जाडीच्या दहा टक्के झीज झाली की फोर्क बाद, म्हणजे ४५ एमएमचा असेल तर साडेचार एमएम. डोळ्याला दिसत पण नाही एवढं, कॅलिपर लावावा लागतो. फोर्क वर ओढणाऱ्या चेनला तीन टक्के वाढ. नव्या चेनच्या जेवढ्या कड्या ३०० एमएममध्ये बसतात तेवढ्याच कड्या ३०९ भरल्या की चेन भंगारात. वेल्डिंग करून, कडी काढून, असले उद्योग करायचे नाहीत. मास्ट (ज्यावर फोर्क वरखाली होतात तो पुढचा उभा सांगाडा) वर करून खाली काम करायचं असेल तर खाली आधार लाव, नुसत्या हायड्रॉलिकवर विसंबून कुणी आत डोकं घालत असेल तर त्याला ओढून बाहेर काढ, शिव्या दे हवं तर. हवेचा टायर असेल आणि रिम दोन तुकड्यांचा असेल तर पूर्ण हवा काढल्याशिवाय नटाला पाना लावायचा नाही. तेल, पाणी, ब्रेक, लाईट हे तू बघशीलच. सहा-सात मिनिटांचं काम आहे सगळं मिळून (कॅलिपर आणि टेप रोज नाही, पण बघणं रोज). दहा मिनिटं आधी ये. हो, त्याचे पैसे मिळत नाहीत, माहितीये मला.

आमच्या वेळी फॅक्टरी ॲक्टचं कलम २९ दाखवायचे, उचलणाऱ्या मशीनची वर्षातनं एकदा कॉम्पिटंट पर्सनकडनं, म्हणजे मान्यता असलेल्या तपासनिसाकडनं, तपासणी. ती झालेली असते, फाईलला कागद असतो. आणि खंडेनवमीला मास्टला झेंडूची माळ, बॉनेटवर हळदकुंकू, नारळ. तेही वर्षातनं एकदाच. उरलेले दिवस गाडीला हात लावणारा तू एकटा आहेस.

चालवताना पण तेच. माल डोळ्यासमोर आला, पुढचं दिसत नाही, तर रिव्हर्समध्ये चालव नाहीतर उतर. रॅम्पवर माल घेऊन असशील तर माल कायम चढाच्या बाजूला, म्हणजे चढताना सरळ आणि उतरताना रिव्हर्स, आणि रॅम्पवर वळायचं नाही. कंटेनरमध्ये शिरायच्या आधी उतरून बघ चाकाखाली ठोकळे आहेत का, आणि ड्रायव्हरकडनं किल्ली घे, तो चहाला जातो आणि परत येऊन गाडी काढतो, असं झालेलं आहे. बेल्ट लाव. गाडी कलंडायला लागली तर उडी मारायची नाही, एवढं एकच ठिकाण जिथं उतरायचं नाही. उडी मारणाऱ्याच्या अंगावर वरचा पिंजरा येतो. स्टिअरिंग घट्ट धर, पाय रोव, आणि गाडी पडतेय त्याच्या उलट्या बाजूला झुक. आणि रिकामी गाडी कलंडत नाही असं तुला कुणी सांगितलं असेल तर तो खोटं बोलतोय. जोरात वळवलीस तर रिकामी आधी जाते.

आता दुसरी गोष्ट, जी तुझ्या काकूला अजून पटलेली नाही. २००९ मध्ये दुसऱ्या कंपनीत होतो. एक डाय, म्हणजे जड साचा आला, लाकडी खोक्यात, २८०० किलो लिहिलेलं. गाडी तीन टनी. मॅनेजर म्हणाला उचल. मी उतरलो, टेप लावली, खोकं १२०० एमएम खोल. म्हणजे वजनाचा मध्य फोर्कच्या मुळापासनं ६०० एमएमवर. तीन टन लिहिलेलं असतं ते ५०० वर, पुढं सरकलं की क्षमता उतरते, त्या गाडीच्या क्षमतेच्या प्लेटवर ६०० ला २७०० किलो होते. शंभर किलो जास्त. मी म्हणालो, नाही उचलत. मॅनेजर म्हणाला शंभर किलोनं काय होतंय, म्हटलं काय होतंय ते मला बघायचं नाही. त्यानं दुसऱ्याला बसवलं.

आणि त्यानं उचलली. काही झालं नाही. नेऊन ठेवली, सगळे हसले, मला महिनाभर 'टेपवाले' म्हणायचे. मागची चाकं हलकी झालेली मी बघितली होती, फरशीवरच्या खडीवरनं जाताना मागचा भाग उचलल्यासारखा झाला, पण ते बघायला कुणी वाकलं नव्हतं ना. चार्जहँडची, म्हणजे गटाच्या मुख्य कामगाराची, जागा त्याला मिळाली. मला शिक्षा म्हणून मेंटेनन्सला टाकलं. काकू म्हणते एवढं शंभर किलोवरनं कुणी करतं का. करतं. मी करतो. मी बरोबर होतो, आज पण तेच म्हणतो, आणि मेंटेनन्सला गेलो म्हणूनच चेन न् फोर्क कळले मला, नाहीतर तुला काय सांगितलं असतं. असो. विषय तुझा चाललाय.

तू काय करायचं. भाषण द्यायचं नाही, सुपरवायझरला कायदा शिकवायला जाऊ नको, त्याच्या डोक्यावर पण कुणीतरी बसलेलं असतं. उतर, बघ, आणि जे आहे ते लिही. हॉर्न बंद असेल तर फुली मार, शेऱ्यात 'रिव्हर्स हॉर्न बंद' आणि वेळ. त्याचा फोटो सुपरवायझरला व्हॉट्सॲप कर, गोड शब्दात, "सर हॉर्न बंद आहे, गाडी काढू का?" बस. मग त्याला उत्तर टाईप करायचं असतं. तोंडानं 'मार टिक' म्हणणारी माणसं टाईप करताना थांबतात, हे मी बघितलंय. ब्रेक, स्टिअरिंग, चेन, यातलं काही गेलं असेल तर मात्र विचारायचं नाही, किल्ली काढून खिशात घालायची. घालवतील कामावरनं? घालवतील कदाचित. मी तुला खोटं सांगणार नाही.

जेसीबीचं म्हणशील तर जायचं तर जा, पण चेकशीट नाही म्हणून जाऊ नकोस. तिथं तर जास्त उतरावं लागतं. खड्ड्याच्या कडेची माती किती धरते, वरनं विजेची तार कुठनं गेलीये, मागं पोरं खेळतायत का. गावात जेसीबी आला की पोरं गोळा होतात. तुझ्या चुलतभावाला विचार तो शेवटचा कधी उतरला होता.

तू फोनवर जाता जाता म्हणालास डावी चेन ढिली वाटते. वाटते म्हणजे काय? मास्टच्या पुलीवरनं जो भाग जातो तिथं टेप लाव, झीज तिथंच जास्त होते, आणि उजवीचं पण माप घे. रविवारपर्यंत दोन्ही आकडे पाठव. फोटो नको, आकडे. तोवर जड माल वर नेऊ नको.

आणि भोसरीच्या टिकचं मी वर लिहिलंय ते काकूला माहिती नाही. घरी येशील तेव्हा विषय काढू नकोस.

तुझा,
काका