सीवेज की सीवरेज?

इंदूरच्या राजेंद्रनगरमधल्या एका कॉलनीचा अर्ज लिहायचा आहे. इंग्रजी प्रतीत ‘सीवेज’ घालावं की ‘सीवरेज’, आणि मराठी प्रतीत दोन्हींना ‘सांडपाणी’ म्हटलं तर चालेल का, असा प्रश्न आहे.

नाही चालणार. सीवेज म्हणजे वाहून जाणारं घाण पाणी. सीवरेज म्हणजे ते वाहून नेणारा सगळा पसारा: घरची जोडणी, चेंबर, मोठी लाइन, पंपघर. अडलं तर मोजमाप आठवावं. सीवेज लिटरमध्ये मोजतात, सीवरेज किलोमीटरमध्ये. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरलं, तर त्यातलं सुमारे ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, सीवेज होऊन बाहेर पडतं असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. एसटीपी, म्हणजे घाण पाणी शुद्ध करणारं केंद्र (सीवेज ट्रीटमेंट प्लांट), यातला ‘एस’ सीवेजचाच; शुद्ध पाणी करायचं असतं, पाइप नव्हे! काही कोश सीवरेजला ‘घाण पाणी’ हाही अर्थ देतात, पण अर्जात ती सवलत घेऊ नये.

२०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर ठरलं, म्हणजे घाण पाणी शुद्ध केल्याशिवाय नदी-नाल्यांत न सोडणारं. शहरातल्या कान्ह आणि सरस्वती नद्यांत काय पडतंय, हा सीवेजचा प्रश्न. ते पडू नये म्हणून घराघरांचे पाइप लाइनला जोडणं, हे सीवरेजचं काम.

आता मराठी. सांडपाणी म्हणजे मुळात मोरीचं, भांडी-कपड्यांचं पाणी. त्याला इंग्रजीत वेगळा शब्द आहे, ‘सलेज’. त्यात संडासाचं पाणी येत नाही. म्हणून सीवेजला ‘मैलापाणी’ बरं. सीवरेजला सरकारी शब्द ‘मलनिःसारण व्यवस्था’, पण कॉलनीत तो कुणी उच्चारायचा? ‘भुयारी गटार’ लगेच कळतं. आपल्याकडे सरसकट चालणारं ‘ड्रेनेज’ बोलण्यापुरतं ठीक. लिहिताना त्यात बरसाती पाणीही शिरतं. गच्चीचा पाइप कुणी मैल्याच्या लाइनला जोडला असेल, तर पहिल्या मोठ्या पावसात चेंबर उसळतं, आणि तेव्हा तक्रार नेमकी कशाची हे लिहिता आलं पाहिजे.

चेंबर तुंबून घाण रस्त्यावर आली असेल तर ‘सीवेज ओव्हरफ्लो’, मराठीत ‘मैलापाणी रस्त्यावर येतंय’. लाइनच टाकलेली नसेल तर ‘सीवरेज नाही’, म्हणजे ‘भुयारी गटार नाही’. पहिल्या अर्जावर सफाईची गाडी येते, दुसऱ्याला खोदकाम आणि बजेट लागतं.