लंडन ते हेलसिंकी : मधली पाने

'मूल पुस्तकाला हात लावत नाही' ही तक्रार जुनीच आहे. परंतु 'मूल वाचते आणि दर पुस्तकागणिक नवे खूळ डोक्यात घेते' असे सांगणारे पालकही साताऱ्यात माझ्याकडे वरचेवर येतात. त्या खुळाचे त्यांना कौतुकच असते. धास्ती असते ती ते आठवडाभरात विरून जाण्याची, मुलाला धरसोडीची सवय लागेल याची.

सहावीतील एका मुलीची आई हीच धास्ती घेऊन आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) कृत्रिम पायाने एव्हरेस्ट सर करणाऱ्या अरुणिमा सिन्हा यांच्याविषयी वाचून मुलीने रोज पहाटे अजिंक्यतारा किल्ला चढण्याचे ठरवले आणि पाचव्या दिवशी ती अंथरुणातून उठलीच नाही. मग ऑलिंपिक पदकविजेते कुस्तीगीर खाशाबा जाधव यांचे चरित्र हाती आले. जोर-बैठका सुरू झाल्या, भिंतीवर स्केचपेनने आखलेला तक्ता लागला, त्यात पहिल्या आठवड्याच्या खुणा झाल्या आणि पुढचे रकाने कोरे राहिले.

"मॅडम, आता पुस्तकंच बंद करू का?"

मुलगी मात्र फारसे बोलत नव्हती. "माझ्यात चिकाटीच नाही," एवढेच म्हणाली. घरात ऐकून ऐकून पाठ झालेले ते वाक्य होते, हे तिच्या सुरावरून कळत होते. चिकाटी कुणाच्या अंगी असते आणि कुणाच्या नसते, ही समजूत मला मान्य नाही. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये जे मांडले, ते माझ्या कामाला आजही पुरते : 'हे मला जमेल' हा विश्वास दुसऱ्याला जमलेले पाहून जागा होतो, परंतु पक्का होतो तो स्वतः काही तडीस नेल्यावरच. पुस्तकाने पहिले काम चोख केले होते. दुसरे त्याच्याकडून होण्यासारखे नव्हते.

पुढच्या भेटीत मी तिला खाशाबांचे पुस्तक घेऊन यायला सांगितले.

"१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला ते कितवे आले?"

"सहावे."

"आणि ब्राँझ पदक?"

"हेलसिंकीला, १९५२ साली."

"मग मधल्या चार वर्षांची पाने मोज बघू."

तिने पाने उलटली, मागे गेली, पुन्हा पुढे आली. "पानं नाहीतच. एकच परिच्छेद आहे." त्यावर बोट ठेवून ती बराच वेळ बसली आणि मग जवळजवळ रागानेच म्हणाली, "म्हणजे कंटाळा आलेले दिवस यांनी छापलेच नाहीत!"

हे मी सांगितले असते तर तो उपदेश झाला असता. तिला ते स्वतःला सापडले, याचे मला झालेले समाधान मी लपवणार नाही. पाय ठणकत असलेला तो पाचवा दिवस तिच्या कोणत्याच पुस्तकात नव्हता, त्यामुळे तो केवळ आपल्याच वाट्याला आला, म्हणजे आपणच कमी पडलो, असा अर्थ तिने लावला होता.

न छापलेली ती पाने तिने स्वतःपुरती एका वहीत लिहावीत, असे आम्ही ठरवले. 'आज अर्ध्यातून परत आले' हीसुद्धा नोंदच. आव्हानही तिच्या मापाचे केले : रोज दहा बैठका, आणि किल्ला फक्त रविवारी, बाबांबरोबर. एवढ्या वयाच्या मुलाला पहाटे एकटे किल्ल्यावर सोडू नये, आणि पोहण्याचे वेड असेल तर आधी तलाव व प्रशिक्षक पाहावा, कृष्णेचे पात्र नव्हे, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगते.

पालकांना माझी विनंती अशी की, मुलाचा संकल्प पहिल्याच दिवशी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नये, कारण मग तो मोडताना त्याला चारचौघांत मोडावा लागतो. 'किती दिवस टिकलं?' याऐवजी 'आज कुठे अवघड गेलं?' असे विचारावे. नवे पुस्तक आले आणि जुना संकल्प सोडावासा वाटला, तर सोडू द्यावा, मात्र तो का सोडला हे मुलाला सांगता आले पाहिजे.

आईने शेवटी विचारले, "ती वही मी तपासत जाऊ का?" तिने आपणहून दिली तर वाचा, असे मी म्हटले, आणि शुद्धलेखन दुरुस्त करू नका.