लिंक्डइनवर तुमचं काम दिसतंय का?

नागपूर आणि परिसरातल्या वाचकांनी नोकरी-व्यवसायाच्या ओळखींसाठीच्या लिंक्डइन या वेबसाइटबद्दल पाठवलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत आणि नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : बुटीबोरीच्या एका कारखान्यात आठ वर्षांपासून मेंटेनन्सला आहे. प्रोफाइल जुनं आहे, कनेक्शन्स सातशेच्या वर आहेत. तरी एकाही रिक्रूटरचा (कंपन्यांसाठी माणसं शोधणाऱ्याचा) मेसेज येत नाही. काय चुकत असेल?

उत्तर : कनेक्शन्स वाढवायच्या मागे लागू नका. पाचशेच्या पुढे गेलं की प्रोफाइलवर नुसतं '५००+' दिसतं, आणि रिक्रूटर तो आकडा बघून येत नाही. तो शोधायच्या चौकटीत शब्द टाकतो: 'मेकॅनिकल मेंटेनन्स', 'बॉयलर', 'कॉम्प्रेसर', 'एसएपी पीएम' (देखभालीच्या नोंदींचं सॉफ्टवेअर). मग ठिकाण निवडतो. हे शब्द तुमच्या प्रोफाइलमध्ये नसतील तर तुम्ही कितीही चांगलं काम करत असलात तरी त्या यादीत तुमचं नाव येणं अवघड आहे. म्हणून आधी नोकरीच्या आठ-दहा जाहिराती समोर ठेवा. तुमच्या कामाच्या कोणत्या गोष्टी त्यात पुन्हा पुन्हा येतात ते लिहून काढा. त्यातलं जे तुम्हाला खरोखर येतं, तेच प्रोफाइलमध्ये आणायचं. प्रोफाइल इंग्रजीतच ठेवा, कारण शोध सहसा इंग्रजीतच होतो.

सुरुवात हेडलाइनपासून, म्हणजे नावाखालच्या ओळीपासून करा. नवी नोकरी टाकली की वेबसाइट पदनाम आणि कंपनीचं नाव जोडून हेडलाइन स्वतःच बनवते, आणि बहुतेक लोक ती तशीच राहू देतात. त्यातून तुमचं पद कंपनीच्या अंतर्गत भाषेतलं असेल, 'सीनियर एक्झिक्युटिव्ह' वगैरे, तर बाहेरच्याला काहीच कळत नाही. अनुभवाच्या रकान्यात खरं पदच राहू द्या. हेडलाइनमध्ये मात्र सर्वांना कळणारं नाव घ्या: 'मेकॅनिकल मेंटेनन्स इंजिनिअर, स्क्रू कॉम्प्रेसर आणि हायड्रॉलिक्स, प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, एसएपी पीएम'. मर्यादा २२० अक्षरांची आहे. पण यादीत आणि मोबाइलवर सुरुवातीचाच भाग दिसतो, तेव्हा कामाचे शब्द आधी. 'हार्डवर्किंग', 'पॅशनेट' हे शब्द काढून टाका. ते कुणी शोधत नाही, आणि त्यांच्यामुळे कामाच्या शब्दांची जागा जाते.

त्यानंतर अनुभवाचा रकाना, आणि सर्वात जास्त वेळ इथेच द्यायला हवा. 'मशिनरीची देखभाल केली' हे वाक्य प्रत्येक मेंटेनन्सवाला लिहितो. तुम्ही मशीनचा प्रकार लिहा, क्षमता लिहा, हाताखाली किती माणसं होती ते लिहा, आणि तुम्ही काय केल्यावर काय बदललं ते लिहा. उदाहरणार्थ: 'हायड्रॉलिक प्रेसच्या तेलाची तपासणी दर तीन महिन्यांनी सुरू केली, सील ठरलेल्या तासांनंतर बदलायला लागलो, ब्रेकडाउनचे तास वर्षात ३० टक्क्यांनी घटले.' आकडा तुमच्या ब्रेकडाउन रजिस्टरमधूनच घ्या, कारण मुलाखतीत त्यावर हमखास विचारणा होते. मात्र उत्पादनाचे टन, ग्राहकांची नावं, प्लांटच्या आतले फोटो टाकू नका. ती कंपनीची गोपनीय माहिती आहे. टक्केवारी दिली तर सहसा तुमचं कामही दिसतं आणि कंपनीचं गुपितही फुटत नाही.

'अबाउट' या स्वतःबद्दलच्या रकान्यात २६०० अक्षरं मावतात, पण पूर्ण उघडेपर्यंत पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात. त्या ओळींत 'माझा जन्म, माझं शिक्षण' नको. काय चालवता, काय दुरुस्त करता, किती वर्षांपासून, ते हवं. फोटोत चेहरा स्पष्ट दिसावा, मागची भिंत मोकळी असावी. लग्नातल्या ग्रुपमधून कापलेला फोटो नको.

दोन बारीक गोष्टी बऱ्याच जणांच्या राहून जातात. कंपनीचं नाव टाईप करताना खाली येणाऱ्या यादीतूनच निवडा, म्हणजे लोगो जोडला जातो. लोगोच्या जागी करडा चौकोन दिसत असेल तर ते नाव जोडलेलंच नाही. आणि ठिकाण नुसतं 'इंडिया' ठेवलं असेल तर ते बदलून नागपूर करा. नागपूरजवळच्या मिहान किंवा हिंगण्यातल्या नोकरीसाठी 'नागपूर' असं शोधणाऱ्याला 'इंडिया'वाला माणूस दिसेलच असं नाही.

प्रश्न : मी अकाउंट्समध्ये होते. मुलाच्या जन्मानंतर २०१८ ते २०२४ घरी होते. हा खंड प्रोफाइलवर लपवावा का?

उत्तर : लपवू नका. तारखा ओढूनताणून जुळवल्या तर पगाराच्या स्लिपा आणि पीएफच्या नोंदी तपासताना ते उघड होतं, आणि मग खंडापेक्षा खोट्या तारखांचीच चर्चा होते. लिंक्डइनवर 'करिअर ब्रेक' अशी वेगळी नोंद करता येते. तिथे कारण निवडा, वर्षं टाका, दोन ओळी लिहा. त्याहून जास्त खुलासा द्यायची गरज नाही. सांभाळलेलं घर ही माफी मागायची गोष्ट नव्हे.

खरा प्रश्न वेगळा आहे. २०१८ ला तुम्ही टेबल सोडलं तेव्हा जीएसटी येऊन जेमतेम वर्ष होत होतं. त्यानंतर २०२० मध्ये ई-इन्व्हॉइसिंग (सरकारी पोर्टलवर बिल नोंदवणं) आणि जीएसटीआर-२बी (खरेदीवरच्या जीएसटीची मिळणारी वजावट दाखवणारं पत्रक) आलं. १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइसची मर्यादा पाच कोटींच्या उलाढालीपर्यंत खाली आली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत न दिल्यास तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, हा नियमही २०२४-२५ या कर आकारणी वर्षापासून लागू झाला. बोलावणारा हेच बघणार की बाईंना हे माहीत आहे का. म्हणून ओळखीच्या सीएकडे किंवा छोट्या दुकानदाराकडे दोन-तीन महिने तरी प्रत्यक्ष रिटर्नचं काम करा. मग लिहा: 'टॅली प्राइमवर नोंदी, २बीशी खरेदी जुळवणी, ई-इन्व्हॉइस तयार करणं'. ही एक ओळ 'अनुभवी अकाउंटंट' या शब्दांपेक्षा कितीतरी जास्त सांगते.

प्रश्न : अनोळखी सीनियर्सना रिक्वेस्ट पाठवते, बहुतेक जण स्वीकारतच नाहीत. मी नुकतीच इंजिनिअरिंग झाले आहे.

उत्तर : आधी माणसं नीट निवडा. तुमच्या कॉलेजच्या पानावर 'अ‍ॅलम्नाय' (माजी विद्यार्थी) असा भाग असतो. तिथे शहर, कंपनी आणि कामाचं क्षेत्र निवडून चाळता येतं. नागपुरात, तुम्हाला हव्या त्या क्षेत्रात, तुमच्याच कॉलेजचे कोण आहेत ते लगेच दिसतं. यातले दहा लोक अनोळखी शंभरांपेक्षा बरे.

रिक्वेस्टबरोबर चिठ्ठी जोडा. फुकटच्या खात्यावर महिन्याला अशा मोजक्याच चिठ्ठ्या मिळतात आणि शब्दमर्यादाही कमी असते, तेव्हा त्या जपून वापरा. 'नमस्कार मॅडम, मी आपल्याच कॉलेजची, २०२५ ची बॅच. तुम्ही डेटा टीममध्ये आहात हे पाहिलं. फ्रेशरच्या कामात एसक्यूएल कितपत लागतं, एवढं विचारायचं होतं.' इतकं पुरे. पहिल्याच मेसेजमध्ये बायोडेटा आणि 'रेफर करा' नको. तुमचं काम न पाहता तुमच्यासाठी शब्द टाकणं कुणालाही अवघड जातं.

उत्तर न आलेल्या रिक्वेस्टचा ढीग साचू देऊ नका, अधूनमधून मागे घ्या. मात्र मागे घेतल्यावर त्याच व्यक्तीला सुमारे तीन आठवडे पुन्हा पाठवता येत नाही. आणि 'मी यांना ओळखत नाही' असं बऱ्याच जणांनी कळवलं तर खात्यावर बंधन येतं.

प्रश्न : नोकरी बदलायची आहे, पण साहेबांना कळायला नको. 'ओपन टू वर्क' (नोकरी शोधतोय अशी खूण) लावू का?

उत्तर : त्यात दोन पर्याय आहेत. 'सर्वांना' निवडलं तर फोटोभोवती हिरवी पट्टी येते आणि ती साहेबांनाही दिसते, म्हणजे ते तुमच्यासाठी नाही. 'फक्त रिक्रूटर्सना' निवडा. तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरला ते दिसू नये याची काळजी वेबसाइट घेते, पण शंभर टक्के खात्री देत नाही. त्यातही तुमची सध्याची कंपनी तिच्या अधिकृत पानाशी जोडलेली नसेल तर तुमच्या कंपनीचे रिक्रूटर कोण, हे वेबसाइटला ओळखता येणंच कठीण. शिवाय नागपूरच्या प्लेसमेंट कन्सल्टंटची तुमच्या एचआरशी ओळख असू शकते. या ओळखीतून जाणारी बातमी वेबसाइट थांबवू शकत नाही.

प्रोफाइल सुधारण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन बदलांची सूचना नेटवर्कला देणं बंद करा. एका रात्रीत सगळं नवं करू नका, दोन-तीन आठवड्यांत थोडंथोडं बदला.

प्रश्न : मिहानमध्ये विमान कंपनीत नोकरी आहे असा लिंक्डइनवर मेसेज आला. नोंदणीचे ३५०० रुपये मागताहेत. भरू का?

उत्तर : एक रुपयाही भरू नका. नोंदणी, गणवेश, ट्रेनिंग किट, सिक्युरिटी डिपॉझिट, नाव काहीही असो, नोकरी देणारा उमेदवाराकडून पैसे घेत नाही. पाठवणाऱ्याच्या प्रोफाइलवर 'अबाउट धिस प्रोफाइल' उघडा. खातं कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी सुरू झालं ते तिथे दिसतं. 'पंधरा वर्षं एचआरमध्ये' म्हणणाऱ्याचं खातं मागच्याच महिन्यातलं असेल, तर सावध व्हा. मेल कंपनीच्या पत्त्याऐवजी जीमेलवरून येणं आणि बोलणं लगेच टेलिग्रामवर नेणं, या आणखी दोन खुणा. जागा खरी आहे का ते कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या करिअर पानावर बघा. तोवर आधार, पॅन, बँकेचा तपशील काहीच पाठवू नका.

पैसे आधीच गेले असतील तर याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. चॅटचे आणि व्यवहार क्रमांकाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, आणि त्यानंतर ते प्रोफाइल लिंक्डइनकडे रिपोर्ट करा. आधी ब्लॉक करू नका. चॅटचे पुरावे हाताशी राहू द्या.